इस्पितळ कोणाच्या हातांवर उभे आहे?

(देवळाली कॅम्प येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या प्रश्नावर बोलावयास डॉक्टरांना बोलवावे, वकिलाला कशासाठी, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. औषध कोणते द्यावे हा डॉक्टरांचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. परंतु ते औषध देणारे माणूस जागेवर आहे की नाही, नसल्यास ती जागा कोणी रिकामी ठेवली, आणि ती भरावयास सरकारला भाग पाडता येते की नाही, हे सर्व प्रश्न कायद्याचे आहेत. आणि ती जागा रिकामी का राहिली, हा प्रश्न तर कायद्याच्याही आधीचा आहे. तो जातीचा आहे.

आपले देवळाली एका चमत्कारिक रीतीने इंग्रजी भाषेत अमर झालेले आहे. १८६० नंतर येथे छावणी वसली. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत येथे महिनेच्या महिने पडून राहात. उन्हाळा, रिकामपण, दारू आणि आजार यांनी काहींची डोकी फिरत. तेव्हापासून वेड लागलेल्या माणसाला इंग्रज 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातील 'डूलाली' म्हणजे आपले देवळाली आणि 'टॅप' म्हणजे आपला ताप! त्या शिपायांचा ताप शब्दकोशात जाऊन बसला. पण त्यांची डोली वाहणारा कहार, पाणी आणणारा भिस्ती आणि मलपात्र उचलणारा मेहतर यांची नोंद लष्कराच्या दप्तरात लढवय्यांमध्ये नव्हती. त्यांना 'फॉलोअर' म्हणजे मागून चालणारे म्हणत. इस्पितळ ज्यांच्या हातांवर उभे होते त्यांना इस्पितळाचा भाग मानण्यात येत नव्हते. ही रीत साहेब गेला तरी गेली नाही, असे माझे म्हणणे आहे.

स्वातंत्र्यापूर्वी, १९४६ साली, भोर समितीने ब्रिटिश हिंदुस्थानच्या आरोग्याचा हिशेब मांडला. त्या वेळी सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि परिचारिका किती होत्या? अवघ्या ७,०००! म्हणजे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, तर ४३,००० माणसांमागे एक परिचारिका. वास्तविक एका डॉक्टरामागे अनेक परिचारिका असावयास हव्यात. येथे सात डॉक्टरांमागे जेमतेम एक परिचारिका होती. जगातील इस्पितळांची रचना खालून वर जाते, आमची वरून खाली आली आणि मध्येच थांबली. ही उणीव केवळ पैशाच्या टंचाईने झाली असे मला वाटत नाही. डॉक्टर नाडी पाहतो, चिठ्ठी लिहितो. त्याला प्रतिष्ठा आहे. परिचारिकेला पू, रक्त, ओकारी आणि मलमूत्र यांना हात लावावा लागतो. ज्या समाजाने विटाळाला धर्माचे स्थान दिले, त्या समाजातील 'चांगल्या घरची' मुलगी त्या कामाला जाईल कशी? म्हणून आरंभीच्या काळात हे काम पुष्कळ अंशी ख्रिस्ती स्त्रियांनी आणि निराधार विधवांनी सांभाळले. आणि त्याही खालचे काम कोणाच्या वाट्याला आले, ते या सभेत सांगण्याची गरज नाही.

याच्या उलट एक विचार आपल्या परंपरेत आहे. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आलेला आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून बजावले की, येथे तुमची शुश्रूषा करावयास आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांची केली नाहीत तर कोण करणार? पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे हे त्यात आहेच. पण मलमूत्र, थुंकी, ओकारी काढण्याची किळस न वाटणे हाही एक गुण आहे. म्हणजे घाण काढणे हा शुश्रूषेचाच भाग मानला आहे. त्यासाठी निराळी जात नेमलेली नाही. (लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, असाही एक गुण तेथे आहे. तो भिक्षूंना सांगितलेला आहे. कंत्राटदाराने तो आपल्या कामगारांना शिकवू नये.)

याच महाराष्ट्रात १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्यात डॉक्टर हजर होता. रोग्याला उचलणारे दुसरे कोणी नव्हते.

आता आजच्या इस्पितळांकडे या. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन याची दखल घेतली. रिकाम्या जागा, औषधांचा तुटवडा आणि खाटांपेक्षा अधिक रोगी ही चर्चा सर्वत्र झाली. परंतु त्याच आठवड्यात तेथे आणखी एक गोष्ट घडली. एका खासदारांनी पाहणीला येऊन प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातून रुग्णालयातील शौचकूप साफ करवून घेतला आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. पुढे खासदारांवर अत्याचार-प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा नोंदविण्यात आला. त्या खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. मी एवढेच विचारतो, अधिष्ठात्यांना शिक्षा म्हणून कोणते काम निवडण्यात आले? झाडण्याचे! शस्त्रक्रिया करून दाखवा असे म्हटले नाही, रात्रपाळी करा असेही म्हटले नाही. हे काम करावयास लावणे म्हणजे माणसाची बेइज्जत करणे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होते आणि पाहणाऱ्यालाही. मग जो माणूस हेच काम रोज करतो त्याची रोज बेइज्जत होते, हे आपोआपच मान्य झाले. त्या रुग्णालयात सफाईगारांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हा प्रश्न त्या चित्रफितीत कोठेच नव्हता.

भंडाऱ्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बालके मरण पावली. चौकशी झाली, कारवाई झाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वाट्याला निलंबन व बदली आली. कंत्राटावरील डॉक्टर व परिचारिका यांना कामावरून कमी करण्यात आले. या दोन शिक्षांतील भेद वकिलाच्या डोळ्यांनी पाहा. निलंबित अधिकाऱ्याला निर्वाहभत्ता मिळतो, आरोपपत्र मिळते, संविधानाच्या ३११ व्या कलमाचे संरक्षण मिळते. कंत्राटी नोकराला एक पत्र मिळते. दोष कोणाचा होता हे मी येथे ठरवीत नाही. पण जेथे अपघाताची जबाबदारी कायम आणि नोकरी मात्र हंगामी असते, तेथे चूक दिसूनही खालचा माणूस तोंड उघडत नाही, आणि न उघडलेल्या तोंडांमुळेच पुढचा अपघात होतो.

आपल्या नाशिकमध्येच २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, दाब पडला आणि किमान २२ रोगी गुदमरून गेले. टाकी विकत घेता येते. तिच्याजवळ चोवीस तास उभा राहणारा, शिकलेला, आणि धोका दिसताच ओरडून सांगण्याची हिंमत असलेला माणूस निविदा काढून मिळत नाही.

माझ्या कचेरीत काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या. कोणत्या इस्पितळातील ते मी सांगत नाही. त्यांनी पदराच्या गाठीतून ओळखपत्रे काढून टेबलावर मांडली. अकरा वर्षांत सात ओळखपत्रे, पाच निरनिराळ्या कंत्राटदारांची! वॉर्ड तोच, बादली तीच, रोगी त्यांना 'मावशी'च म्हणत. केवळ मालकाचे नाव बदलत होते आणि प्रत्येक बदलाबरोबर नोकरी पहिल्या दिवसापासून सुरू होत होती. सुई टोचून काविळीचा संसर्ग झाला तेव्हा कंत्राटदार म्हणाला, हे इस्पितळाचे काम. इस्पितळ म्हणाले, ही कंत्राटदाराची बाई. आता जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ पाहा. हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, दरवर्षी वैद्यकीय तपासणी करावी, हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वात यांची लस टोचावी, ही जबाबदारी नियमांनी इस्पितळावरच टाकलेली आहे. बाईंना अकरा वर्षांत एकही लस मिळाली नव्हती. पिवळ्या पिशवीत काय टाकावयाचे आणि लाल पिशवीत काय, हे त्या माझ्यापेक्षा उत्तम जाणत होत्या. पण ते त्यांना दुसऱ्या मावशीने शिकविले होते.

म्हणजे एक कायदा म्हणतो की हे काम धोक्याचे आहे, त्याला शिक्षण लागते. दुसरा कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा संहितेने 'गाभ्याचे काम' कंत्राटावर देण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. परंतु गाभ्यात कोणती कामे येत नाहीत, त्याची यादीही तेथेच दिली आहे, आणि त्या यादीत आरंभीच झाडलोट, सफाई व कचऱ्याची विल्हेवाट येते. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली असेल तर गोष्ट निराळी, एवढी एक फट ठेवली आहे. मी विचारतो, इस्पितळात स्वच्छता हे गाभ्याचे काम नव्हे काय? शस्त्रक्रियागृह धुतल्यावाचून शस्त्रक्रिया होते काय? प्रसूतिकक्षाची लादी पुसणारे हात स्वच्छ नसतील तर बाळंतिणीच्या तापाला कोणते औषध पुरे पडणार? कापड गिरणीत झाडलोट ही बाहेरची बाब असेल. इस्पितळात ती उपचाराचा भाग आहे. या फटीतून आपल्या वकिलांनी आत शिरले पाहिजे.

वाट अगदीच बंद नाही. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतूक कामगारांची लढाई घ्या. ते वर्षानुवर्षे कंत्राटी होते, बहुसंख्य आपल्याच समाजातील. त्यांच्या संघटनेने चिकाटीने दावा चालविला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्रीय जल आयोगाच्या कचेरीत अनेक वर्षे झाडणाऱ्या व बाग राखणाऱ्या कामगारांच्या 'जग्गो' या प्रकरणात त्याच न्यायालयाने, हे काम कचेरीच्या नित्य व्यवहारास अत्यावश्यक आहे आणि नेमणुकीच्या कागदावर 'तात्पुरते' लिहिले म्हणून ते तात्पुरते होत नाही, असे मानून त्यांच्या सेवा नियमित करण्याचा आदेश दिला. जल आयोगाच्या कचेरीत झाडू अत्यावश्यक असेल, तर प्रसूतिगृहात तो कमी अत्यावश्यक कसा?

येथे आपल्यातील काही तरुण मला अडवतील. ते म्हणतील, बाबासाहेबांनी घाणेरडी कामे सोडा म्हणून सांगितले आणि तुम्ही त्या कामाचे गोडवे गाता! मी गोडवे गात नाही. १९३६ साली गांधींनी 'हरिजन' पत्रात आदर्श भंग्याचे चित्र रंगविले, तेव्हा बाबासाहेबांनी त्यातील डाव ओळखला होता. कामाची स्तुती करून माणसाला जन्मभर त्याच कामाला बांधणे हा तो डाव. आमच्या राज्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. घरात भाकरी येते म्हणून मी त्या तरतुदीविरुद्ध लढणार नाही, उलट ती मिळवून देण्यासाठी अर्ज मीच लिहून देतो. पण बापाचा झाडू मुलाला वारसाने मिळावा ही गोष्ट मनाला लागते. माझी मागणी दुहेरी आहे. आपल्या मुलाला त्या कामावाचून दुसरे काम मिळालेच पाहिजे. आणि जो कोणी ते काम करील, मग तो कोणत्याही जातीचा असो, त्याला कायम जागा, पुरा पगार, लस, हातमोजे आणि वर चढण्याची शिडी मिळाली पाहिजे. सफाईगाराला शिकून तंत्रज्ञ का होता येऊ नये? आयेला परिचारिकेच्या शिक्षणासाठी राखीव जागा का असू नये? ही शिडी तयार झाली की त्या कामाला इतर जातींची मुलेही येतील, आणि तेव्हाच त्याचा विटाळ जाईल.

हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका केले. त्यांत अनेक दलित होत्या, पुष्कळ निरक्षर होत्या. ज्या घराचा उंबरठा त्यांना बंद होता, त्याच घरात त्या बाळंतपण करावयास जाऊ लागल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना नवजात बालकांची निगा शिकविली आणि तेथील बालमृत्यू झपाट्याने घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध करून जगाला दाखवून दिले. ज्ञान कोणत्या जातीच्या हाताला चिकटते आणि कोणत्या हातावरून घसरते, हा जुना सिद्धान्त जामखेडच्या बायांनी निकालात काढला.

सरकारने हा अनुभव उचलला, पण अर्धाच. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक स्त्री नेमण्यात आली. मात्र तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले, पगाराऐवजी मानधन आणि कामागणिक मोबदला दिला. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून रात्री गरोदर बाईला घेऊन निघणारी ही स्त्री कायद्याच्या दृष्टीने कोण? सवडीने समाजसेवा करणारी हौशी बाई! महाराष्ट्रातील आशांना २०२३ साली संपावर जावे लागले, ते याच शब्दच्छलामुळे.

आता आपल्या घरच्या महत्त्वाकांक्षेविषयी थोडे बोलतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत आपले नाशिकही होते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून येथेच आहे. आपली मुले डॉक्टर व्हावीत, अवश्य व्हावीत. वैद्यकीय प्रवेशातील राखीव जागांसाठी १९५१ साली संविधानाची पहिली दुरुस्ती करावी लागली, हे विसरू नका. परंतु प्रवेश मिळाला म्हणजे जात बाहेर राहिली असे नाही. डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातून आलेल्या तरुण डॉक्टर मुलीने २२ मे २०१९ रोजी मुंबईत आत्महत्या केली आणि तिच्या आईला न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. आणि दुसरे असे की, मुलगी परिचर्या शिकते म्हटल्यावर आपल्यातीलच शिकलेले लोक नाक मुरडतात. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे आणि अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. तो पाळावयाचा म्हटले तर किती मुलींना मानाची नोकरी मिळेल! डॉक्टर दिवसातून एकदा फेरी मारतो, रात्री तीन वाजता रोग्याचा श्वास बिघडला हे प्रथम परिचारिकेला कळते.

पैसा नाही, हे सरकारचे ठरलेले उत्तर आहे. त्याचे उत्तर आपल्याजवळ आहे. पश्चिम बंगालमधील हकीम शेख हा शेतमजूर १९९२ साली आगगाडीतून पडला. डोक्याला गंभीर मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी जागा नाही म्हणून परत पाठविले. अखेर खाजगी इस्पितळात सुमारे १७,००० रुपये खर्चून त्याचा जीव वाचला. त्याची मजूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचा उपचार नाकारणे हा २१ व्या कलमाचा भंग आहे आणि पैशाची अडचण सांगून राज्याला या कर्तव्यातून सुटता येणार नाही. २५,००० रुपये भरपाईही देवविली. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाची बाजू घेताना मातेच्या विश्रांतीचा भार समाजाने व सरकारने उचलावा अशी भूमिका मांडली होती. ४७ वे कलम तीच भूमिका सर्वांसाठी मांडते.

आता देवळालीचा प्रश्न. छावणी कायदा, २००६ मध्ये सार्वजनिक इस्पितळे, प्रसूती व बालकल्याण केंद्रे चालविणे वा त्यांना साहाय्य करणे हे छावणी मंडळाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. पण छावण्यांतील मुलकी वस्ती लगतच्या नगरपालिकांकडे सोपविण्याचे धोरण केंद्र सरकारने घेतले. २०२३ साली हिमाचलातील खासयोल येथून त्याचा आरंभ झाला, देवळालीचे नावही चर्चेत आले. त्याच वर्षी ३० एप्रिलला व्हावयाच्या ५७ छावण्यांच्या निवडणुका रद्द झाल्या. विलीनीकरण चांगले की वाईट, यावर आपल्यात दोन मते असतील. पण ते केव्हाही झाले तरी इस्पितळाचे काय, याचा निर्णय आधी झाला पाहिजे. इमारत, खाटा, यंत्रे यांची यादी होईलच. कायम परिचारिकांची सेवा अखंड धरली जाईल काय? कंत्राटावरील मावशी, वॉर्डबॉय आणि सफाईगार कोणत्या यादीत येतील? माझी भीती अशी की, ते कोणत्याच यादीत येणार नाहीत. हस्तांतराच्या रात्री कंत्राट संपेल आणि सकाळी त्यांची वर्षे शून्य होतील.

म्हणून करावयाच्या गोष्टी सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज छावणी मंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यावयाचा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. मागावयाची माहिती अशी: संवर्गनिहाय मंजूर पदे व भरलेली पदे, कंत्राटी कामगारांची संख्या, कंत्राटदारांची नावे व कंत्राटांच्या मुदती, लसीकरणाची व वार्षिक तपासणीची नोंदवही. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयासाठी निराळा अर्ज, महापालिकेच्या रुग्णालयांसाठी निराळा. एका अर्जात सर्वांना गुंफू नका, त्यानेच उत्तरे टळतात. इस्पितळांत कंत्राटावर असणाऱ्या भगिनींनी व बंधूंनी आपली जुनी ओळखपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कागद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांतील एकही चिटोरे फेकू नये. कंत्राटदार बदलला म्हणजे जुने ओळखपत्र परत मागतात. ते देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. मघा सांगितलेल्या बाईंजवळ ती सात ओळखपत्रे नसती, तर त्यांची अकरा वर्षे न्यायालयात उभीच राहिली नसती.

तिन्ही अर्जांचे मसुदे मी तयार करून अध्यक्षांच्या स्वाधीन केले आहेत. सभा संपल्यावर सह्या घेण्यात येतील, आणि ज्यांना आपले कागद दाखवावयाचे असतील त्यांच्यासाठी मी येथेच थांबणार आहे.